खालच्याचं छप्पर, वरच्याचं अंगण

मॉन्ट्रियलच्या जुन्या बंदरासमोर सेंट लॉरेन्स नदीत शिरलेली जमिनीची एक अरुंद पट्टी आहे. तिच्यावर काँक्रीटच्या 354 पेट्या एकमेकींवर रचून ठेवल्या आहेत. सरळ एकावर एक मात्र नाहीत. एक पुढे आलेली, दुसरी मागे सरकलेली, एक आडवी तर तिच्या डोक्यावरची उभी, मधून आरपार पोकळ्या, आणि असं करत करत ही रचना बारा मजल्यांपर्यंत चढत जाते. नदीच्या पलीकडून पाहिलं तर डोंगराच्या उतारावर वसलेल्या गावासारखी दिसते. तिचं नाव हॅबिटॅट 67. 1967 साली मॉन्ट्रियलमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी ती बांधली गेली आणि ती आखणाऱ्या मोशे साफ्दी या वास्तुरचनाकाराने तेव्हा तिशीही गाठलेली नव्हती.

सगळी इमारत एका साध्या नियमावर उभी आहे. वरची पेटी मागे किंवा बाजूला सरकवून ठेवली की खालच्या पेटीचं छप्पर उघडं पडतं. ते वरच्या घराला अंगण म्हणून द्यायचं. मूळच्या 158 घरांपैकी प्रत्येकाला अशी किमान एक गच्ची मिळाली. तिला बाल्कनी म्हणता येणार नाही, कारण बाल्कनीच्या डोक्यावर बहुधा वरच्या मजल्याची बाल्कनी असते आणि तिथून आकाशाचा तुकडाच दिसतो. इथे पाऊस थेट अंगावर येतो, बर्फ साचतं, मातीचा वाफा करता येतो.

आज महाराष्ट्रात कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटची घरं हजारोंनी उभी राहत आहेत. त्यांच्याबद्दल लिहायचं, बोलायचं तर साठीला टेकलेल्या या इमारतीकडे आधी नीट पाहायला हवं. तिने काय साधलं आणि ती कुठे अडकली, दोन्ही आपल्या कामाचं आहे.

साफ्दीचा जन्म 1938 चा, हायफाचा. हे शहर कार्मेल डोंगराच्या उतारावर पसरलेलं आहे. उतारावरच्या वस्तीत मागच्या घराची नजर पुढच्या घराच्या छपरावरून समुद्रापर्यंत जाते. 1953 साली त्याचं कुटुंब कॅनडात आलं आणि तो मॅकगिल विद्यापीठात वास्तुकला शिकू लागला. 1959 साली एका शिष्यवृत्तीवर उत्तर अमेरिकेतल्या घरबांधणीच्या पाहणीसाठी त्याचा दौरा झाला. तिथे त्याला दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. शहराबाहेर मैलोन्‌मैल पसरलेली बैठी घरं, प्रत्येकाला हिरवळ, पण दुधाच्या बाटलीसाठीही मोटार काढावी लागणार. आणि शहरात उंच मनोरे, जिथे सगळं हाताशी, पण दार उघडलं की अंधारा कॉरिडॉर. लोक पहिल्या प्रकाराकडे धावत होते आणि शहरं त्यामुळे मोकळी पडत होती. साफ्दीला वाटलं, बैठ्या घरातलं अंगण मनोऱ्यात नेता आलं तर माणसं शहर सोडणार नाहीत. 1961 साली त्याने पदवीच्या प्रबंधात हाच विषय घेतला आणि पेट्यांच्या रचनेची पद्धत मांडली.

पदवीनंतर तो फिलाडेल्फियाला वास्तुरचनाकार लुई कान यांच्याकडे उमेदवारीला राहिला. हाच तो काळ, जेव्हा पुण्यात जन्मलेले वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांच्या आग्रहावरून कान यांच्याकडे अहमदाबादच्या आयआयएमचं काम आलं. तिथून साफ्दीला त्याच्या मॅकगिलमधल्या मार्गदर्शकाने, सँडी व्हॅन गिंकेल यांनी, मॉन्ट्रियलला परत बोलावलं. काम होतं प्रदर्शनाचा आराखडा करण्याचं. साफ्दी आला, पण आपला प्रबंध प्रत्यक्षात बांधून दाखवण्याची इच्छा बरोबर घेऊनच आला. प्रदर्शनातले बहुतेक मंडप सहा महिन्यांनी उतरवायचे असतात. साफ्दीचा आग्रह असा की एक मंडप कायमचा असावा आणि त्यात माणसं राहावीत. विद्यार्थ्याच्या प्रबंधावर एका देशाच्या सरकारने पैसे लावावेत, हे आज वाचतानाही अचंबा वाटावा असं आहे. सुरुवातीच्या अभ्यासाचा खर्च सिमेंट कंपन्यांनी उचलला, हे मात्र समजण्यासारखं आहे.

आता एक पेटी जवळून पाहू, कारण या इमारतीचं खरं काम जागेवर कमी आणि तिच्या शेजारी उभारलेल्या कारखान्यात जास्त झालं.

पेटीची लांबी साडेअडतीस फूट, रुंदी साडेसतरा फूट, उंची दहा फूट. आतली जागा सहाशे चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचा ऐसपैस वन बीएचके. आधी सळयांचा अख्खा पिंजरा बाहेर बांधून तयार होई. मग तो पोलादी साच्यात उतरवायचा, काँक्रीट ओतायचं आणि वाफेवर क्युरिंग करायचं. आपल्या साइटवर स्लॅब टाकला की दिवसचे दिवस पाणी मारत बसावं लागतं. वाफेमुळे ते काम झपाट्याने होई आणि साचा पुढच्या पेटीसाठी मोकळा होई. साच्यातून निघालेली पेटी रांगेत पुढे सरकायची. तिथे लाकडी फरशी बसे, फरशीखालून वायरी आणि नळ जात, भिंतींना आतून थंडी रोखणारं अस्तर लागे, खिडक्या लागत. न्हाणीघर फायबर ग्लासमध्ये एकसंध घडवलेलं यायचं आणि तसंच्या तसं आत बसायचं. स्वयंपाकघरही तयार. अशी सजलेली, 70 ते 90 टन वजनाची पेटी मग क्रेन उचलून तिच्या जागी नेऊन ठेवी. एका घराला एक, दोन किंवा जास्त पेट्या. त्यांच्या जुळणीतून पंधरा प्रकारची घरं निघाली, एका खोलीच्या बिऱ्हाडापासून चार शयनगृहांच्या घरापर्यंत.

ठेवलेल्या पेट्या एकमेकींना पोलादी गज आणि केबल ताणून आवळलेल्या आहेत. हे गणित ऑगस्ट कोमेंडान्ट या अभियंत्याचं. कान यांच्या इमारतींमागेही हाच माणूस उभा होता. साध्या इमारतीत भार कॉलममधून सरळ खाली पायात उतरतो. इथे पेट्या सरकवून ठेवलेल्या, त्यामुळे भार वाकडातिकडा प्रवास करतो. पेटीच्या भिंती स्वतः भार वाहतात, लिफ्टचे उभे मनोरे त्याला आधार देतात आणि घरांसमोरून जाणारे लांब पादचारी रस्तेसुद्धा तुळईचं काम करतात. म्हणजे ज्यावरून मुलं सायकल चालवतात तोच इमारतीचा सांगाडा. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ही इमारत केवळ याच एका गोष्टीसाठी अभ्यासावी.

पण इथेच पहिली गाठ बसली. बाहेरून सगळ्या पेट्या सारख्या दिसल्या तरी तळच्या पेटीवर अकरा मजल्यांचं ओझं आणि माथ्याच्या पेटीवर काहीच नाही. त्यामुळे पेटीगणिक आतली सळई बदलायची. कुठे दार, कुठे खिडकी, कुठे जिन्याचं भोक, हेही बदलायचं. कारखान्याची स्वस्ताई येते ती एकच वस्तू हजारदा काढल्याने. इथे साचा तोच राहिला, पण त्यातून निघणारी प्रत्येक वस्तू थोडी वेगळी.

दुसरी गाठ याहून मोठी होती. मूळ आराखड्यात हजाराहून जास्त घरं होती. त्यांच्याबरोबर दुकानं, शाळा, हॉटेल, असं एक अख्खं गावच होतं. सरकारने ते कापून 158 घरांवर आणलं. कारखाना मात्र पुरा उभारावा लागला, साचे पुरे बनवावे लागले, क्रेन पुरी आणावी लागली. एकूण खर्च सव्वादोन कोटी कॅनेडियन डॉलरच्या आसपास गेला. भागाकार केला तर एका घराला जवळजवळ 1 लाख 40 हजार डॉलर. त्या काळी त्या पैशात उपनगरातली कितीतरी बैठी घरं आली असती. सामान्य माणसाला परवडणारं घर म्हणून सुरू झालेला प्रयोग त्याच्या आवाक्यातून पहिल्याच दिवशी निसटला. टीकाकारांनी कारखान्यावर आणि काँक्रीटच्या पेटीवर खापर फोडलं. माझ्या मते दोष कापाकापीचा आहे. छपाईचा सगळा खर्च करून पुस्तकाच्या दीडशे प्रती काढल्या तर प्रत महाग पडणारच, मजकूर कसाही असो.

एप्रिल ते ऑक्टोबर 1967 या काळात पाच कोटींच्या वर लोक प्रदर्शनाला आले. साफ्दीही कुटुंबासह इमारतीतल्या एका घरात राहत होता. प्रदर्शन संपल्यावर घरं सरकारी गृहनिर्माण संस्थेकडे राहिली आणि भाड्याने दिली गेली. 1985 साली भाडेकरूंनी भागीदारी करून सगळी इमारत विकत घेतली. आज तिथलं घर घेणं हे श्रीमंतांचं काम आहे. शेजारच्या पेट्या विकत घेऊन भिंत पाडून घरं जोडली गेली आणि घरांची संख्या दीडशेच्या खाली आली. 2009 साली क्यूबेक प्रांताने तिला वारसा वास्तूचा दर्जा दिला.

राहणाऱ्यांचे त्रासही सांगायला हवेत. अशा रचनेत एका घराची चार-पाच अंगं उघडी पडतात आणि मॉन्ट्रियलच्या हिवाळ्यात पारा शून्याखाली वीसच्याही पलीकडे जातो. घर तापवायला ऊर्जा जास्त लागते. लिफ्ट दर चौथ्या मजल्यालाच थांबते. तिथून उघड्या पादचारी रस्त्याने चालायचं आणि मग जिना चढून किंवा उतरून आपलं दार गाठायचं. या रस्त्यांना वारा अडवणारी पारदर्शक प्लास्टिकचे कमानदार आडोसे लावलेले आहेत. उन्हाळ्यात त्यांच्याआडून नदी पाहत चालणं सुखाचं. जानेवारीत सामानाच्या पिशव्या घेऊन तेच अंतर चालणाऱ्या माणसाचं मत वेगळं असू शकेल. आणि पाणी. सांधे आले की पाणी आलं. इथेही ते झिरपलं, ओल आली, बुरशी धरली, आणि दुरुस्त्यांवर पैसा ओतावा लागला. हे सगळं असूनही लोक तिथून जायला तयार नसतात, आणि कारण विचारलं की बोट गच्चीकडे जातं.

सांध्यांचा विषय निघाला तर लंडनच्या रोनन पॉइंटचं नाव घ्यावंच लागेल. ही 22 मजल्यांची इमारत काँक्रीटच्या तयार भिंती आणि स्लॅब जुळवून उभी केलेली होती. पेट्या नव्हेत, सुट्या पाट्या. 16 मे 1968 च्या पहाटे अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. स्फोट फार मोठा नव्हता, पण एक बाहेरची भिंत उडाली आणि तिच्या आधारावरचे वरचे मजले आणि मग खालचे, असा इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसं गेली. लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. भिंती एकमेकींना पुरेशा बांधलेल्याच नव्हत्या. 1986 साली इमारत उतरवताना काही सांध्यांत मसाल्याऐवजी रद्दी कागद कोंबलेले सापडले. त्या एका पहाटेने जगभरच्या बांधकाम नियमांत बदल घडवले. तयार काँक्रीटच्या इमारतीचा जीव तिच्या भिंतींइतकाच, किंबहुना जास्तच, सांध्यांत असतो आणि सांधा भरताना तिथे उभं राहून पाहणारा माणूस लागतो, हे तेव्हापासून कुणाला वेगळं सांगावं लागू नये.

आपल्याकडे या वाटेवर भक्कम पाऊल टाकलं ते वाईजवळच्या पसरणीत जन्मलेल्या बी. जी. शिर्के यांनी. हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचं सिपोरेक्स त्यांनी पुण्यात आणलं आणि तयार कॉलम, तयार बीम व सिपोरेक्सचे स्लॅब जुळवणारी पद्धत उभी केली. म्हाडा आणि सिडकोच्या कितीतरी वसाहती त्या पद्धतीने बांधल्या गेल्या. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातला मुलगा हे करतो, याचं कौतुक मराठीत व्हावं तेवढं झालेलं नाही. अलीकडे नवी मुंबईत बामणडोंगरीला सिडकोच्या योजनेत 96 घरांची बारा मजली इमारत 96 दिवसांत उभी राहिली. रांचीला केंद्र सरकारच्या प्रायोगिक प्रकल्पात 1,008 घरं थेट पेट्या-पेट्यांनी बांधली गेली. साफ्दीने ज्यासाठी जीव टाकला ती गोष्ट, म्हणजे खोलीच्या खोली कारखान्यात ओतायची आणि क्रेनने रचायची, ती आपल्या देशात आता सरकारी निविदेत लिहिली जाते.

अशा घरांचे भाग जिथे ओततात ते कास्टिंग यार्ड पाहण्यासारखं असतं. साच्यांच्या रांगा, तेल लावून तयार. वायरीचे पाइप आणि खिडकीच्या चौकटी आधीच बांधलेल्या. काँक्रीट ओतलं की टेबलच थरथरतं आणि हवा निघून जाते. भिंत साच्यातून निघते ती इतकी गुळगुळीत की प्लास्टर लागत नाही. तिच्यावर नंबर टाकतात, ट्रेलरवर उभी करून साइटवर नेतात, क्रेनने उतरवतात आणि सांध्यात ग्राउट भरतात. शटरिंगचं लाकूड नाही, विटांचा ढीग नाही, पावसात थांबणारं काम नाही. परवडणाऱ्या घरांची टंचाई असलेल्या राज्याला हे हवंच आहे. माझा या पद्धतीला विरोध नाही, उलट ती वाढावी असं मला वाटतं.

पण तयार इमारत पाहिली की मन खट्टू होतं. सरळसोट भिंत, त्यात खिडकी, तिच्यावर खिडकी, तिच्यावर खिडकी. मॉन्ट्रियलला कारखाना लागला तो अंगणासाठी. आपण कारखाना घेतला आणि अंगण निविदेतच आलं नाही.

साफ्दीचा पुढचा प्रवास नेमका उलट झाला. पोर्तो रिको, न्यूयॉर्क, जेरुसलेम इथे त्याने हॅबिटॅटसारख्याच वसाहती मांडल्या, त्यातली एकही पुरी झाली नाही. 1974 साली त्याने लिहिलेल्या पुस्तकाचं नावच ‘फॉर एव्हरीवन अ गार्डन’ असं आहे. मग बरीच वर्षं तो संग्रहालयं, ग्रंथालयं बांधत राहिला. आनंदपूर साहिबचं विरासत-ए-खालसा त्याचंच. घरबांधणीकडे तो पुन्हा वळला तेव्हा सिंगापूरला 2015 साली 38 मजल्यांचं स्काय हॅबिटॅट उभं राहिलं. चीनमध्ये छिनह्वांगताओला समुद्रकाठी पायऱ्यापायऱ्यांच्या प्रचंड इमारती झाल्या. पेटी ओतण्याचा हट्ट त्यात उरलेला नाही. मागे सरकणारे मजले आणि उघड्या गच्च्या मात्र कायम आहेत. काय सोडायचं आणि काय सोडायचं नाही, हे त्याला अनुभवातून कळलं होतं.

आणि हा विचार आपल्याला परका नाही. मूळ गोव्याचे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आयुष्यभर सांगत राहिले की आपल्या हवेत उघड्या आकाशाखालची जागा ही चैन नसून घराची एक खोलीच आहे. मुंबईत कंबाला हिलवर 1983 साली पूर्ण झालेल्या कांचनजंगात त्यांनी घरं एकमेकांत गुंतवली आणि कोपऱ्यांत दोन मजली उंच गच्च्या कोरल्या. ती श्रीमंतांची इमारत, पण त्याच सुमारास बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये तोच विचार त्यांनी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीही बैठ्या घरांत मांडला. दोशींनी अहमदाबादला आयुर्विमा महामंडळाच्या वसाहतीत तळाला मोठं घर आणि माथ्याला लहान घर ठेवलं. त्यामुळे वरच्यांना गच्ची आपोआप मिळाली. तीन मजल्यांच्या साध्या बांधकामात हे झालं, क्रेनशिवाय.

मग आज अडतं कुठे? एक अडचण चटईक्षेत्राच्या, म्हणजे एफएसआयच्या हिशेबाची. मुंबईत बाल्कनी, फ्लॉवर बेड यांच्या नावाखाली बिल्डरांनी फुकट जागा लाटली आणि लोकांनी त्या जागा काचा लावून खोलीत घेतल्या. 2012 साली नियम बदलून हे सगळं एफएसआयमध्ये मोजायचं ठरलं. लबाडी थांबवण्यासाठी ते योग्यच होतं. पण परिणाम असा झाला की उघडी जागा ही खोलीशी स्पर्धा करू लागली, आणि चारशे चौरस फुटांच्या घरात खोलीच जिंकणार. दुसरी अडचण पावसाची. आपल्याकडे गच्ची म्हणजे खालच्याच्या घरात लिकेज आणि सोसायटीच्या सभेत भांडण. ही भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये.

पण नेमकं हेच काम कारखाना चांगलं करू शकतो. गवंडी भर उन्हात अठराव्या मजल्यावर उतार काढतो तेव्हा तो अंदाजाने काढतो. साच्यात उतार एकदा काढला की प्रत्येक स्लॅबला तोच मिळतो. पाणी जायचं तोंड, कडेची पागोळी, वॉटरप्रूफिंगचा थर हे सगळं यार्डात, सावलीत, तपासणीखाली करता येतं. गच्चीचा स्लॅब यार्डातून निघण्याआधी त्यावर पाणी भरून ठेवून खालून ओल येते का ते पाहता येतं. एकही थेंब आला तर तो भाग परत. सांध्यांचं काम तरीही साइटवरच राहतं, पण निम्मी लढाई तिथेच जिंकलेली असते.

खर्च वाढेल का? थोडा वाढेल. मजला मागे घेतला की वरची काही जागा जाते. परंतु मॉन्ट्रियलला जे घडलं ते 158 घरांवर अख्ख्या कारखान्याचा बोजा पडल्याने घडलं. म्हाडा आणि सिडको हजारोंच्या पटीत बांधतात, त्यांच्या कामासाठी कारखाने उभे आहेत, साच्यांचे पैसे वसूल होत आहेत. साफ्दीला जी संख्या मिळाली नाही ती आपल्या हातात आहे.

म्हणून या दोन्ही संस्थांकडे एक मागणं आहे. पुढच्या प्रीकास्ट, म्हणजे तयार काँक्रीटच्या योजनेतली एक इमारत, फक्त एक, अशी बांधा की प्रत्येक घराला दोन खाटा टाकता येतील एवढी उघडी गच्ची असेल. तेवढी जागा त्या इमारतीपुरती चटईक्षेत्रातून वगळा आणि ती काचा लावून बंद करायला कायमची बंदी घाला. लॉटरीच्या जाहिरातीत तिचा दर लपवू नका, वेगळा छापा. वाचकांपैकी जे लॉटरीचा अर्ज भरणार असतील त्यांनी सॅम्पल फ्लॅट पाहायला गेल्यावर कार्पेट एरिया विचारून झाला की एक प्रश्न आणखी विचारावा: या घरात आकाश कुठे आहे? विचारणारे वाढले तर निविदेत ती ओळ येईल.